निवासमंडप ही मंदिर होईपर्यंतची तात्पुरती सोय होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बायबलमधलं निर्गमचं पुस्तक, म्हणजे इस्राएली लोक मिसरातून (इजिप्तमधून) सुटल्याची गोष्ट, सीनाय पर्वतापर्यंत झपाट्याने पुढे जातं आणि मग एकाएकी पानंच्या पानं मापं, पडदे, कड्या, उथळ्या (फळ्या-खांबांच्या बैठका), मेखा. रानात तंबू ठोकून राहणाऱ्या लोकांना सोन्याचांदीचं हे फिरतं देऊळ, म्हणजे निवासमंडप, कशाला हवं होतं? पुढे शलमोन राजाने यरुशलेमेत दगडी मंदिर बांधलंच, मग निवासमंडप म्हणजे तोवरची सोय समजायची का? आणि हे सगळं खरंच घडलं का?

मी बरीच वर्षं जुना करार आणि इब्री भाषा शिकवते आहे. हे तीन प्रश्न वर्गात नेहमी एकत्रच येतात, कारण त्यांच्या तळाशी एकच गृहीतक असतं: देवाची खरी जागा म्हणजे पक्की वास्तू, आणि तंबू ही तिची गरीब आवृत्ती. ग्रंथ वाचत गेलं की हे गृहीतक टिकत नाही. मंडप हलता होता ही त्याची अडचण नव्हती, तो त्यासाठीच होता. असं मी का म्हणते ते सांगते. एक गोष्ट मात्र आधीच मान्य करायला हवी. तुम्ही हा मजकूर इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाचता, यहुदी म्हणून वाचता की ख्रिस्ती म्हणून, यावर उत्तरातला भर बदलतो. आणि ही प्रकरणं कधी लिहिली गेली असं मानता, त्यावर तर बराच बदलतो.

आधी वस्तू डोळ्यांसमोर आणा. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरले, तर निवासमंडप ३० हात लांब, १० हात रुंद आणि १० हात उंच, म्हणजे सुमारे साडेतेरा मीटर बाय साडेचार मीटर. आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवापेक्षाही लहान. भोवतीचं अंगण १०० हात बाय ५० हात. मंडपातले पुढचे २० हात पवित्रस्थान: तिथे दीपवृक्ष, समर्पित भाकरींचं मेज आणि धूपवेदी. अंतरपटाच्या पलीकडे १० हात लांब, रुंद आणि उंच अशी चौकोनी खोली, ते परमपवित्रस्थान. तिथे एकच वस्तू, कराराचा कोश, म्हणजे देवाशी झालेल्या कराराच्या पाट्यांची पेटी: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. भिंती म्हणजे सोन्याने मढवलेल्या ४८ फळ्या, बाभळीच्या कुळातल्या लाकडाच्या, चांदीच्या उथळ्यांत उभ्या केलेल्या आणि अडसरांनी जखडलेल्या. वरून तागाचे रंगीत पडदे, त्यांवर बकऱ्यांच्या केसांचे, त्यांवर कातडी. बकऱ्यांच्या केसांचे काळे तंबू त्या प्रदेशातले बदाऊनी, म्हणजे भटके अरब, आजही ओळखतात.

उथळ्यांपाशी जरा थांबू या, कारण बहुतेक वाचक तिथून पुढे पळतात. निर्गम ३८ मध्ये चांदीचा हिशेब आहे: १०० किक्कार आणि १७७५ शेकेल (दोन्ही वजनाची मापं). ही चांदी शिरगणतीतून आली, माणशी अर्धा शेकेल. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही आणि गरिबाने कमी द्यायचं नाही, असं आधीच तिसाव्या अध्यायात बजावलेलं आहे. गणती ६,०३,५५० पुरुषांची. ३००० शेकेलचा एक किक्कार धरा आणि आकडेमोड करा, हिशेब शेकेलपर्यंत जुळतो. या चांदीच्या १०० उथळ्या ओतल्या, प्रत्येकी एक किक्कार. त्यांतल्या ९६ फळ्यांखाली आणि ४ अंतरपटाच्या खांबांखाली. वरचं सोनं, रंगीत सूत, सुगंधी द्रव्यं हे ज्याने त्याने मनाला येईल तसं दिलं होतं. पण ज्यावर सगळं उभं आहे तो पाया मात्र सर्वांच्या सारख्या वाट्याचा. लिहिणाऱ्याने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, फक्त हिशेब मांडला आहे. याच हिशेबाचा दुसरा अर्थ इतिहासकार लावतात: सहा लाख लढाऊ पुरुष रानात कसे जगतील? शंका रास्त आहे. उथळ्यांचंच वजन साडेतीन टनांच्या आसपास भरतं आणि ते ओढायला चार गाड्या. फळ्यांची जाडी मजकुरात दिलेलीच नाही, म्हणून काही अभ्यासक त्या भरीव नसून पोकळ चौकटी होत्या असं मानतात.

आता हलवाहलव. माझ्या मते खरा अर्थ इथे आहे, आणि तो निर्गमपेक्षा गणना या पुस्तकात जास्त सापडतो. वर्गात मी नेहमी एक काम देते: मुक्काम हलवायचा आहे, कोण काय उचलेल याची यादी करा. गणनाच्या चौथ्या, सातव्या आणि दहाव्या अध्यायांवरून ती बनते. मंडपावरचा ढग, म्हणजे देवाच्या सोबतीची खूण, वर उठला की मुख्य याजक अहरोन आणि त्याचे मुलगे आत जातात, अंतरपट उतरवून त्यानेच कोश झाकतात, त्यावर कातडं आणि सर्वांत वर निळं कापड घालतात. बाकीच्या पवित्र वस्तूंवर कातडं सर्वांत बाहेर असतं. म्हणजे चालत्या तांड्यात निळा दिसतो तो फक्त कोश. हे झाकून झाल्यावरच कहाथी लेवींनी यायचं (कहाथी, गेर्षोनी आणि मरारी ही मंडपाची सेवा करणाऱ्या लेवी वंशातली घराणी). त्यांनी वस्तूंना हात लावायचा नाही, त्या क्षणभरही पाहायच्या नाहीत, खांद्यावरून वाहायच्या. गेर्षोनी लेवींकडे पडदे आणि तणावे, त्यांना दोन गाड्या आणि चार बैल. मरारी लेवींकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, त्यांना चार गाड्या आणि आठ बैल. कहाथींना एकही गाडी नाही.

चालण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी यहूदाच्या निशाणाखालचे तीन वंश, मग गेर्षोनी आणि मरारी, मग रऊबेनाच्या निशाणाखालचे तीन वंश, आणि त्यानंतर कहाथी. कारण मजकुरातच दिलं आहे: कहाथी पोचेपर्यंत पुढच्यांनी मंडप उभा केलेला असावा. हे ज्याने लिहिलं त्याने छावणी हलवण्याचा विचार केला होता. मोडणं, बांधणं, वाहणं आणि पुन्हा उभारणं हा इथे दोन पूजांमधला मोकळा वेळ नाही. त्यालाही पूजेइतकीच शिस्त आणि तितकाच धोका आहे. मुक्काम किती दिवसांचा हेही लोकांच्या हातात नाही. नववा अध्याय म्हणतो, ढग दोन दिवस राहो, महिनाभर राहो की त्याहून जास्त, तो राहील तोवर थांबायचं आणि उठला की निघायचं.

कोशाचे दांडे याच विचारातले आहेत. निर्गम २५ ची आज्ञा: दांडे कड्यांतून कधी काढायचे नाहीत. वेदीला आणि मेजालाही दांडे होते, पण ही सक्ती फक्त कोशाला. गंमत अशी की शलमोनाने कोश आपल्या मंदिरात कायमचा बसवला तेव्हाही दांडे तसेच राहिले. १ राजे ८ सांगतो की ते इतके लांब होते की त्यांची टोकं आतल्या गाभाऱ्यासमोरून दिसत. निघायची तयारी तेव्हाही उतरवलेली नव्हती.

आता तुमचा ‘कशाला हवं होतं’ हा प्रश्न. बांधकामाच्या सूचना २५ ते ३१ या अध्यायांत आहेत आणि प्रत्यक्ष बांधकाम ३५ ते ४० मध्ये. मधे काय आहे? सोन्याचं वासरू. कंटाळवाणी प्रकरणं गाळून वाचणाऱ्याला ही मांडणी दिसतच नाही. लोकांचा पुढारी मोशे डोंगरावर आहे, उशीर झाला आहे, आणि लोक अहरोनाकडे काय मागतात? आमच्या पुढे चालतील असे देव. म्हणजे वासरूसुद्धा चालता देवच आहे. हलतं दैवत हवं ही गरज दोन्हीकडे सारखी आहे. फरक मधोमध काय आहे यात आहे. वासरात लोकांनी स्वतः घडवलेली मूर्ती आहे. मंडपाच्या सर्वांत आतल्या खोलीत मूर्तीच नाही. तिथे एक पेटी, तिच्यात कराराच्या पाट्या, वर दयासन म्हणजे तिचं झाकण, त्याच्या दोन टोकांना पंख पसरलेले करूब, म्हणजे स्वर्गीय जीव, आणि त्या दोघांच्या मधली मोकळी जागा. बोलणं त्या मोकळ्या जागेतून येणार. प्राचीन जगात देवाच्या गाभाऱ्यात करार ठेवण्याची रीत होती. तिथे देवाऐवजी फक्त करार आणि रिकामी जागा ठेवणं हे इस्राएलचं वेगळेपण.

वासराच्या प्रसंगानंतर परमेश्वर म्हणतो, तुम्ही देशात जा, पण मी तुमच्यामध्ये येणार नाही, आलो तर वाटेत तुम्हाला भस्म करीन. मोशे उत्तर देतो, तू येणार नसशील तर आम्हाला इथून हलवूच नकोस. सगळा डाव या संवादावर आहे. वचन दिलेला देश मिळतो आहे आणि मोशे म्हणतो, सोबत नसेल तर देश नको. हे वाचून मगच ३५ पासूनची बांधकामाची प्रकरणं वाचा. तीच मापं पुन्हा येतात, पण आता ती रद्द होता होता राहिलेल्या सोबतीची मापं आहेत. पुनरुक्ती एवढी का, याचं माझं उत्तर हेच.

ही सोबत मवाळ नाही. अंगणात कोणीही इस्राएली होमार्पण घेऊन येऊ शकतो, पवित्रस्थानात फक्त याजक, अंतरपटाआड फक्त मुख्य याजक आणि तोही वर्षातून एक दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी. बाहेर कांसं, आत सोनं. देव छावणीच्या मधोमध आहे आणि म्हणूनच भोवती कुंपण आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. मंडप पूर्ण झाल्यावर तेज त्यात भरतं तेव्हा मोशेलाही आत जाता येत नाही.

मराठी विद्यार्थी इथे हमखास विचारतात, मग हे पालखीसारखं का? खांद्यावरून वाहणं, मुक्काम, ठरलेले मान, ठरलेला क्रम, यामुळे तुलना सुचणं साहजिक आहे. पण आषाढीच्या पालखीत संतांच्या पादुका चालतात आणि विठ्ठल पंढरपुरात वाट पाहतो. निवासमंडपाला पंढरपूर नाही. ज्याच्याकडे जायचं तोच तांड्याबरोबर चालतो आहे. तुलना इथवरच नेता येते.

‘तात्पुरती सोय’ या कल्पनेला सर्वांत स्पष्ट उत्तर २ शमुवेल ७ मध्ये आहे. शलमोनाचा बाप दावीद राजा गंधसरूच्या घरात राहायला गेल्यावर त्याला वाटतं, देवाचा कोश अजून पडद्यांत कसा? नाथान संदेष्टा आधी होकार देतो. त्याच रात्री त्याला उलट निरोप मिळतो: मिसरातून तुम्हाला आणल्या दिवसापासून मी घरात राहिलो नाही, तंबूतून फिरत आलो, आणि मला घर का बांधलं नाही असं मी कोणाला कधी म्हटलं होतं? इथे अडचण देवाला नाही, राजाला आहे. शलमोनाचं मंदिर उभं राहतं तेव्हाही त्याच्याच प्रार्थनेत येतं की स्वर्गांचा स्वर्गही तुला पुरत नाही, मग हे घर काय पुरणार. त्या मंदिराचा नकाशा पाहा: ६० हात बाय २० हात, मंडपाच्या नेमका दुप्पट, उंची तिप्पट. कुठली प्रत कुठल्यावरून काढली, हा वाद इथेच सुरू होतो.

१८७८ मध्ये जर्मन अभ्यासक युलियस वेलहाउझन याने मांडलं की निवासमंडप कधी नव्हताच. बाबेलमधल्या हद्दपारीनंतरच्या याजकांनी यरुशलेमचं मंदिर मनातल्या मनात घडीचं करून मोशेच्या काळात नेऊन ठेवलं. पुढच्या शतकातल्या शोधांनी हे मत पुरतं खोडलं नाही, पण त्यातला ‘अशी वस्तू त्या काळी शक्यच नव्हती’ हा सूर गेला. मिसरचा फारो तूतनखामेन याच्या १९२२ मध्ये सापडलेल्या कबरीत सोन्याने मढवलेल्या, सुटे भाग जोडून उभारलेल्या लाकडी मखरी एकात एक होत्या, त्यांच्या मधे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं तागाचं वस्त्र होतं, आणि दांड्यांवरून वाहायची अनुबिस देवाची पेटीही होती. दुसऱ्या रामसेसच्या कादेशच्या लढाईची, म्हणजे इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची, शिल्पं पाहा: आयताकृती छावणी, मधोमध राजाचा तंबू, त्याचं बाहेरचं लांबट दालन आणि आतली खोली, आणि आत राजाच्या नावाच्या दोन बाजूंना पंख पसरलेले ससाणे. फारोच्या जागी परमेश्वर, असा त्याचा अर्थ काही अभ्यासक लावतात आणि मला तो पटतो. दक्षिण इस्राएलमधल्या तिम्नाच्या तांब्याच्या खाणींपाशी पुरातत्त्वज्ञ बेनो रोथेनबर्ग यांना १९६९ मध्ये हाथोर या मिसरी देवीचं ठाणं सापडलं. त्याच्या नंतरच्या टप्प्यात तांबड्या-पिवळ्या कापडाचे अवशेष होते. हे ठाणं तेव्हा मिद्यानी लोकांनी तंबूने झाकलं होतं असं त्यांनी मांडलं. मोशेचा सासरा मिद्यानी, म्हणून ही जागा लक्षात ठेवण्यासारखी.

एवढ्यावरून निर्गममधला मंडप जसाच्या तसा होता असं सिद्ध होत नाही. मजकुरातच एकाहून जास्त आठवणी आहेत. निर्गम ३३ मधला दर्शनमंडप छावणीच्या बाहेर आहे, मोशे स्वतः तो ठोकतो, पहारा मोशेचा सेवक यहोशवा याचा एकट्याचा. गणना १० मध्ये एके ठिकाणी कोश तीन दिवसांच्या वाटेवर पुढे चालतो. देशात पोचल्यावर, यहोशवाच्या काळात, शिलो गावी मंडप उभारला जातो, पण बाळ शमुवेलाच्या गोष्टीत तिथे दारं असलेलं मंदिर आहे. शेजारच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, कोश नेला, तो परत आला, मग किर्याथ-यारीमला एका घरात पडून राहिला. त्या सगळ्या काळात कोश एकीकडे आणि मंडप दुसरीकडे. दावीद यरुशलेमेत कोशासाठी नवाच तंबू ठोकतो, आणि इतिहास या पुस्तकाच्या म्हणण्याप्रमाणे जुना मंडप गिबोनला होता. माझं मत विचाराल तर: रानातल्या काळात कोश आणि त्याचा तंबू होता, बहुधा बराच साधा, आपल्यापुढचं तपशीलवार वर्णन नंतरच्या याजकांच्या हातचं आहे, पण त्यात जुनं साहित्य शिरलेलं आहे. माझे काही सहकारी याच्या दोन्ही बाजूंना आहेत.

आणि नंतरच्या याजकांचा हात मान्य केला की अर्थ कमी होत नाही, मला तर तो वाढलेला दिसतो. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळलं. देव जर त्या टेकडीवरच्या दगडांत राहत असेल, तर बाबेलमधल्या खबार कालव्याकाठी हद्दपार करून नेऊन बसवलेल्या लोकांचं काय? संदेष्टा यहेज्केल त्याच काठावर देवाचं सिंहासन पाहतो आणि त्याला चाकं असतात. त्याच पिढ्यांमध्ये सीनायच्या पवित्रस्थानाचं वर्णन घोटून घोटून लिहिलं गेलं असेल, तर त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या: ते पवित्रस्थान देशाबाहेर बांधलं गेलं. नियमशास्त्राची पाचही पुस्तकं देशात पाऊल पडण्याआधीच संपतात. राजा नाही, राजधानी नाही, शेत नाही, आणि तरीही देव मधोमध आहे.

इ.स. ७० मध्ये हद्दपारीनंतर बांधलेलं दुसरं मंदिरही गेलं, त्यानंतर यहुदी जीवन याच आधारावर चाललं. सभास्थानातलं नियमशास्त्राच्या गुंडाळ्यांचं कपाट, त्यापुढचा पडदा, सतत तेवणारा दिवा, ही सगळी मांडणी मंडपाची आठवण आहे. शब्बाथाला वर्ज्य ३९ कामांची मिश्नेतली (यहुदी नियमसंग्रहातली) यादीसुद्धा मंडपाच्या बांधकामात लागणाऱ्या कामांशी जोडली गेली. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने तर कपाट आणि पडद्यावाचूनही पिढ्या काढल्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ मध्ये उभं राहिलं. ख्रिस्ती वाचकाला नव्या करारात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आणि इब्री लोकांस पत्रात हाच मंडप भेटतो. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन तर प्रेषितांची कृत्ये ७ मध्ये मंदिरावर टीका करताना मंडपाची बाजू घेतो.

एक सावधगिरी. चार रंग म्हणजे चार शुभवर्तमानं, प्रत्येक मेखेत आणि बिरड्यात एकेक गूढ, अशी प्रवचनं तुम्ही ऐकली असतील. मी ती शिकवत नाही. मजकूर स्वतः रंगांचा अर्थ सांगत नाही. तो सांगतो कोण कुठवर जाऊ शकतो, कोण काय उचलतो आणि सगळे केव्हा निघतात. ते वाचलं की पुष्कळ हाती लागतं.

शेवटी वाचायचा क्रम. निर्गम २४ आणि २५ वाचा, २६ ते ३१ वरवर चाळा, पण ३० मधला अर्ध्या शेकेलचा भाग सोडू नका. मग ३२ ते ३४ सावकाश, ३८ चा शेवट आणि ४०. तिथून गणना ४, ७ चा आरंभ, ९ चा उत्तरार्ध आणि १०. पुढे १ शमुवेल ४ ते ६, २ शमुवेल ६ आणि ७, १ राजे ८. निर्गम ३६ आणि ३७ पहिल्या वाचनात राहिले तरी चालतील. दुसऱ्या वाचनाला कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि आराखडा स्वतः काढा.